खाती साफ करून देतो म्हणाला, ४५८ तास साफ करून गेला

माझ्या सायबर कॅफेच्या सॉफ्टवेअरमध्ये १,१४६ मेंबर खाती साचली होती. निम्म्याहून जास्त मेलेली. एकेक निवडून काढायची म्हणजे बोटं झिजली असती, म्हणून 'तासाभरात साफ करतो' म्हणणाऱ्याला रिमोट दिला, म्हणजे दुरून माझा कॉम्प्युटर चालवायची मुभा, आणि मुख्य ॲडमिनचा पासवर्डही. मूर्खपणा, मान्य. पण साध्या ऑपरेटरला, म्हणजे काउंटरवरच्या लॉगिनला, खातं काढता येत नाही, मग दुसरं काय देणार होतो? (देता येत होतं. वेगळा ऑपरेटर करून फक्त 'खाते काढणे'वर टिक, 'शिल्लक बदलणे' रिकामं. हे नंतर सुचलं.)

८३७ खाती गेली, ३०९ उरली. गिऱ्हाइकांनी पैसे भरून ठेवलेल्या शिल्लक वेळेची बेरीज आधी ६१,२४० मिनिटं होती. नंतरही ६१,२४०. आकडा डोळ्यांसमोर होता आणि मी खूश, की वा, गिऱ्हाइकांचं एक मिनिटही हललं नाही! अहो, काढलेल्या खात्यांतच २७,४८० मिनिटं पडून होती. बेरीज ३३,७६० वर यायलाच हवी होती. ती आली नाही, कारण त्याने तो वेळ सहा खात्यांत वळवला, प्रत्येकी ४,५८०. नावं 'टेस्ट२', 'टेम्प', 'जुना' असली, कुणी दुसऱ्यांदा बघू नये अशी. मग त्यांचे पासवर्ड बाहेर विकले.

हे कळलं तेही आदल्या रात्री छापलेल्या शिल्लक-यादीमुळे. बॅकअप सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये होता, तोही 'साफ' झाला. आधी सॉफ्टवेअर बंद करा, मग बॅकअप घ्या आणि पेन ड्राइव्हवर न्या. यादीत शेवटचं लॉगिन, शिल्लक आणि उधारी हवीच. उधारीचं खातं उडालं की मागायला पुरावा उरत नाही.

सॉफ्टवेअरवाले म्हणाले, लॉगमध्ये ॲडमिनचं नाव आहे, म्हणजे तुम्हीच केलंत. पोलिसांत गेलो. 'मिनिटं चोरीला गेली म्हणजे नक्की काय गेलं?' कॉम्प्युटर जागेवर आहेत ना? आहेत. कुलूप तुटलं? नाही. मग इथे कशाला, पलीकडच्या टेबलावर जा. पलीकडचा म्हणाला, पासवर्ड तुम्हीच दिलात, मग चोरी कसली? तिसऱ्याने लेखी अर्ज मागितला आणि पुन्हा पहिल्याकडे पाठवलं. त्याने तो वाचलाही नाही.

खाती आधी नुसती निष्क्रिय करा, महिनाभर कुणी ओरडलं नाही तर काढा. चालू सेशन आधी संपवा. डेटाबेसच्या टेबलातून थेट ओळी उडवणारा दिसला तर त्याचा हात धरा. सेशन आणि विक्रीच्या नोंदी पोरक्या होतात, कुठल्या खात्याच्या ते कळत नाही, जुने रिपोर्ट पुन्हा जुळत नाहीत. आणि मेंबरांची यादी झाली की ऑपरेटरांची उघडा. माझ्याकडे तिथे एक ॲडमिन वाढलेला होता. मी बापडा स्वतःचाच पासवर्ड बदलत बसलो होतो. रिमोटचा कायमचा पासवर्डही तसाच चालू होता.

सहाही खाती आता बंद केली आहेत. ती विकत घेतलेली पोरं काउंटरवर येऊन मलाच चोर म्हणतात.