ऑर्बेरा: पोटातला सहा महिन्यांचा फुगा

वजन उतरवण्यासाठी जठरात बसवायच्या या सिलिकॉनच्या फुग्यात ना औषध, ना बॅटरी. तो फक्त जागा अडवतो आणि भिंत ताणतो. पुढचं काम व्हेगसचं, म्हणजे पोट आणि मेंदू यांना जोडणाऱ्या मज्जातंतूचं.

व्हेगसची काही टोकं जठराच्या अस्तरात असतात. अन्नकण घासला की ती जागी होतात, भिंत ताणली तर मात्र ढिम्म. ताण मोजणारी टोकं वेगळी असतात, स्नायूंच्या दोन थरांमध्ये पानासारखी पसरलेली. ताण तीच टिपतात, हे २००० साली गिनीपिगच्या अन्ननलिकेवर दाखवलं गेलं. फुग्याचं सारं गणित या दुसऱ्या टोकांवर आहे.

एंडोस्कोपीने फुगा जठराच्या वरच्या भागात ठेवून ४०० ते ७०० मिली सलाईन भरतात. कमी भरलेला किंवा गळलेला फुगा आतड्यात सरकून अडकू शकतो. म्हणून सलाईनमध्ये मेथिलीन ब्लू हा निळा रंग मिसळून घ्यावाच. लघवी हिरवट-निळी दिसली की फुगा गळला. (१९८५चा गॅरेन-एडवर्ड्स फुगा नळकांड्यासारखा होता, २२० मिली हवेचा. त्याच्या कडांनी जठराला जखमा व्हायच्या. ऑर्बेरा गोल आणि गुळगुळीत आहे ते उगाच नाही.)

पहिला आठवडा वाईट जातो. ताणाचे संदेश मेंदूच्या तळाशी जिथे पोचतात, तिथूनच उलटीची सूत्रं हलतात. उलटीविरोधी औषध फुगा बसवण्याआधीच सुरू हवं आणि पातळ पदार्थ घोट-घोटच घ्यावेत. आठवड्यानंतरही उलट्या थांबत नसतील किंवा पोटातली कळ पाठीत जात असेल, तर वाट पाहू नये. फुगा आपोआप फुगत जाण्याबद्दल आणि स्वादुपिंडाच्या सुजेबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २०१७ मध्ये सावध केलं आहे.

अमेरिकेतल्या चाचणीत सहा महिन्यांत सरासरी सुमारे १० टक्के वजन उतरलं. पण बहुतेक उतार पहिल्या तीन महिन्यांतच पडतो, कारण जठर सैलावतं आणि भूक पुन्हा डोकं वर काढते. त्यामुळे आहारतज्ज्ञाशिवाय नुसता फुगा विकणारं पॅकेज आमच्या मते महागच. मोठा हायटस हर्निया (जठराचा भाग छातीत सरकणं), व्रण किंवा जठराची जुनी शस्त्रक्रिया असेल तर हा पर्याय नाहीच.

आम्ल कमी करणारी गोळी फुगा आत असेपर्यंत रोज घ्यायची. आम्लाने सिलिकॉन कमजोर होतं, त्यामुळे सहा महिन्यांची मुदत ताणू नये. काढण्याआधी दोन-तीन दिवस फक्त पातळ आहार आणि शेवटचे १२ तास उपास: फुग्यामागे अन्न साचून राहतं आणि भूल दिल्यावर ते फुप्फुसात जाऊ शकतं.