तीन दिवसांचा पाहुणा की मधलं कुंपण?

नातं टिकवायचं तर थोडं अंतर राखा, असं सांगणाऱ्या या दोन इंग्रजी म्हणी. पहिली दिवस मोजते, दुसरी जमीन.

‘मासे आणि पाहुणे तीन दिवसांत वास मारतात’ हे बेंजामिन फ्रँकलिनने अमेरिकेत १७३६ च्या पंचांगात छापलं. इंग्लंडमध्ये लेखक जॉन लिलीने १५८० मध्येच जवळपास हेच लिहिलं होतं. बर्फाविना तिसऱ्या दिवशी माशाचं काय होतं, हे कोकणात वाढलेल्याला सांगायला नको. उपमा अचूक आहे, तरी मला टोचते. घरी आलेल्या माणसाला ती थेट नासक्या जिनसांत बसवते. आपली म्हणही तिसऱ्याच दिवशी थांबते, पण ‘राही त्याची अक्कल जाई’ एवढंच म्हणते.

‘शेजाऱ्यावर प्रेम कर, पण कुंपण पाडू नकोस’ ही इंग्रज कवी जॉर्ज हर्बर्टच्या १६४० च्या म्हणींच्या संग्रहातली. इथे प्रेम आधी येतं, कुंपण नंतर, आणि दोष कुणालाच नाही. पुढे अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टने १९१४ मधल्या कवितेत विचारलं, की भिंत घालून आपण काय आत ठेवतो, काय बाहेर? प्रश्न रास्त आहे. तरी रोजच्या शेजारासाठी मी हर्बर्टचीच म्हण घेईन. फ्रँकलिनची पाहुण्यासमोर उच्चारणारही नाही.