एई-१ विकतोय, के-१००० ठेवतोय : दोन्ही वापरून झाल्यावर

शेवटी ठरलं. माझ्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यांपैकी कॅनन एई-१ विकायचा आणि जोडीला पेंटॅक्स के-१००० ठेवायचा. मुख्य काम निकॉन एफएम-२ वरच चालतं, त्यात बदल नाही. प्रश्न होता तो पिशवीतल्या दुसऱ्या कॅमेऱ्याचा. रोलचे भाव तुम्हाला माहीत आहेत; त्यात दोन-दोन जादा कॅमेऱ्यांना सेल, फोम आणि दुरुस्ती पुरवत बसणं मला जमणारं नाही. म्हणून काही महिने दोन्ही आलटून-पालटून वापरले.

दोन्ही १९७६चे. एई-१ हा मायक्रोप्रोसेसर बसवलेला पहिला एसएलआर, म्हणजे आरशातून थेट लेन्समधलं दृश्य दाखवणारा कॅमेरा. के-१००० मध्ये साधा सेल्फ-टायमरसुद्धा नाही. त्यामुळे सुरुवातीला माझं मत सरळ एई-१च्या बाजूने होतं. शटर १२५ वर (म्हणजे सेकंदाचा १२५वा भाग), लेन्सची रिंग ए वर (म्हणजे छिद्र कॅमेराच ठरवतो), आणि कॅमेरा घरात कुणाच्याही हातात द्या. फोकस जमला की फोटो आलाच. त्याची ५० एमएमची एफडी (कॅननची जुनी मालिका) लेन्स तर मला अजूनही आवडते.

के-१०००चा राग यायचा तो उजेड मोजणाऱ्या मीटरवरून. त्याला बंद करायची सोयच नाही! लेन्सवर झाकण लावायचं, आत अंधार झाला की मीटर थांबतो, एवढीच काय ती व्यवस्था. झाकण काढून कॅमेरा टेबलावर राहिला की आतला एलआर-४४ हा बटणासारखा छोटा सेल झिजत राहणार. पिशवीत झाकण निसटलं तरी तेच. सेल स्वस्त आहे, मान्य. पण रिकाम्या खोलीत दिवा जळत राहिलेला मला बघवत नाही, तसंच हे. १९९७ पर्यंत, म्हणजे २१ वर्षं, हा कॅमेरा बनत राहिला. तेवढ्या काळात एक बटण बसवता येऊ नये? दारातून परत फिरून झाकण तपासायची सवय लागली मला.

मत फिरलं ते आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत. एफएम-२ मध्ये कृष्णधवल रोल, एई-१ मध्ये रंगीत. नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) समोर आले, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, वर लख्ख ऊन, आणि एई-१चं बटण दाबलं तर काहीच नाही. सेल संपला होता. याचं शटर सेलशिवाय हलतच नाही, त्यामुळे अर्धा रोल आत तसाच अडकला. सहा व्होल्टचा तो लांबुडका सेल मला आसपासच्या एकाही दुकानात मिळाला नाही. घड्याळवाल्याकडे एलआर-४४ मात्र हवे तेवढे. घरी येऊन चार एकावर एक रचले, कागदाची सुरळी गुंडाळली, लांबी कमी पडते तिथे फॉइलची घडी दाबली. चालला! पण गर्दीत उभ्या-उभ्या हे कोण करणार? शिवाय सेलच्या खणाचं प्लॅस्टिकचं झाकण इतकं नाजूक, की नख लावायलाही भीती वाटते.

मग के-१००० मधला सेल मुद्दाम काढून ठेवला. शटर पूर्ण यांत्रिक, सेलशिवायही सगळे वेग चालतात. फक्त मीटर नाही, म्हणून उजेडाचा अंदाज आपणच बांधायचा. २०० आयएसओचा (उजेडाला रोल किती संवेदनशील, त्याचा आकडा) रोल, स्वच्छ ऊन, शटर २५०, छिद्र १६. सावलीत ५.६ किंवा ४. भुईकोट किल्ल्याच्या तटावर आणि आतल्या झाडांखाली याच हिशेबाने रोल संपवला, एकही फ्रेम वाया गेली नाही. बाराबंदीसारख्या पांढऱ्या कपड्यांना तर हे मीटरपेक्षा बरं. मीटर पांढरं बघून उजेड कमी करायला सांगतो आणि कपडे राखाडी येतात.

झाकणाचं दुखणं त्यामुळे संपलं. तरीही सांगतो, बटण हवंच होतं.

दुरुस्तीचंही बोलतो. एई-१ दाबला की कुंईं असा आवाज करायचा. आरशाच्या यंत्रणेतलं वंगण वाळलं की असं होतं. परगावच्या एका दुरुस्तीवाल्याकडे पाठवला. बिल आलं, कॅमेरा आला, आवाजही तसाच. फोन केला तर म्हणे, जुन्या कॅमेऱ्याला एवढं चालायचंच. मग पैसे कशाचे घेतले? भांडलो, पण हातात काही आलं नाही.

के-१०००च्या मागच्या दाराचा, उजेड आत शिरू न देणारा फोम विरघळून चिकट काळा चोथा झाला होता. इथल्या उन्हाळ्यात पारा ४२च्या वर जातो, त्यात जुना फोम तग धरत नाही. काडीच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून खाचा खरवडल्या आणि त्यात तंतू न सुटणारं काळं सूत बसवलं. चादरींच्या गावात सुताची काय वानवा! उजेड शिरत नाही. आरशाखालच्या पट्टीला मात्र सूत चालत नाही, तिथे फोमच लागतो.

एई-१ लेन्ससकट देणार आहे. घेणाऱ्याला आधी आवाज ऐकवणार, खणाचं झाकण दाखवणार आणि तो सहा व्होल्टचा एक नवा सेल सोबत देणार. के-१०००चा मीटर फक्त संध्याकाळी लागेल तेव्हा सेल घालून वापरणार. सेल लेन्सच्या डबीत, कागदात गुंडाळून ठेवलाय.