जिन्सेंग फायकस बोन्साय: झाडाला ४ स्टार, नर्सरीच्या सल्ल्याला १

नर्सरीचं नाव टाकत नाही, कारण लातूरच्या आसपास हायवेला लागून ज्या नर्सऱ्या आहेत तिथं बहुतेक ठिकाणी हेच झाड असंच विकायलेत, एकट्यालाच धरून काय उपयोग.

८५० रुपयाला घेतलं, सिरॅमिकच्या कुंडीसकट. खाली रताळ्यासारखी फुगलेली मुळं आणि वर छोटासा हिरवागार टोप. नाव फायकस मायक्रोकार्पा, म्हणजे आपल्या वड पिंपळ उंबराचं भाऊबंद, फांदी कापली की तसाच पांढरा चीक येतो (लहान लेकरं आणि मांजर असेल तर तेवढं सांभाळा). यात बऱ्याचदा वरचा भाग कलम केलेला असतो, घेताना जोड बघून घ्या. माझा जोड छान भरलेला होता, खोड घट्ट, पानाखाली कीड नाही, त्यामुळं झाडाबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती वरच्या पांढऱ्या दगडांची. दिसायला लई भारी, पण ते गमनं एकमेकांना चिकटवलेले असतात! पाणी टाकलं की दगडावरून घरंगळून कडेनं खाली जातं, ताटलीत पाणी दिसतं, आपल्याला वाटतं झाड प्यालं, आणि आत कोकोपीटचा (नारळाच्या भुशाचा) गोळा कोरडा ठक्क. मी स्क्रू ड्रायव्हरनं ते सगळं उचकटून काढलं, मग कुंडी पाण्याच्या टबात बुडवून ठेवली, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. गोळा एकदा पूर्ण वाळला की वरून कितीही ओता, नीट भिजतच नाही.

आणि सल्ला काय तर, "ताई, आठवड्यातून एकदा पाणी, हॉलमधे टीपॉयवर ठेवा." अहो दादा, एप्रिल-मे मधे आपल्याकडं पारा ४० च्या पुढं असतोय, कुंडी चार बोटं खोल, आठवडाभर काय टिकणार? वार बघून पाणी घालायचंच नाही, बोट पेरभर मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं की खालच्या भोकातून निघेपर्यंत द्यायचं. उन्हाळ्यात रोज लागतं, लई ऊन असलं तर दोनदा पण, थंडीत तीन-चार दिवस जातात. टीपॉयवरचा अंधार पण नको, पूर्वेच्या खिडकीत ठेवा, फक्त कूलरच्या झोतात नको.

घरी आणल्यावर पानं गळायली म्हणून फोन केला तर म्हणे खत कमी पडलं, आमचं लिक्विड खत घेऊन जा. जागा बदलली की फायकस पानं टाकतंच, उजेड आणि पाणी बरोबर असलं तर नवीन फुटतंय, आणि आजारी झाडाला खत कशाला पाजायचं? नाही घेतलं. नंतर फांदीला सहा-सात पानं आली की दोन ठेवून बाकीची छाटायला लागले, आता टोप दाट झालाय.

पाण्याचं एक कुणी सांगत नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे हे, त्यामुळं आरओचं फेकायचं पाणी झाडाला घालायची सवय घराघरात आहे. बाकी झाडांचं काय ते बघा पण बोन्सायला नको, त्यात क्षार जास्त असतात, कूलरच्या टाकीतल्या पाण्यात पण तेच. बोअरच्या पाण्यानं पण कुंडीच्या काठाला पांढरी खपली धरती. मी एसीच्या पाइपाखाली बादली लावलीय, ते पाणी सगळ्यात चांगलं, पावसाळ्यात पत्र्याचं साठवते.

काळी माती चुकूनही नको, ओली झाली की चिकट आणि वाळली की भेगा, मुळं त्यातच गुदमरतात. हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे, जाड वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत घेतलं, आणि मृगाचा पाऊस पडल्यावर कुंडी बदलली. पानं घडी घातल्यासारखी मिटायला लागली तर आत थ्रिप्स (बारीक फुलकिडे) असतात, ती पानं तोडून टाकायची. मिलीबग तर कापूसवाल्यांना सांगायची गरज नाही, तोच पिठ्या ढेकूण, निंबोळी तेल मारा.

सासूबाई म्हणतात वडाच्या जातीचं झाड असं खुंटवून घरात ठेवू नये, पण सकाळी पाणी त्याच घालतात.

त्याच नर्सरीत एस आकाराचं पण होतं, १४०० ला. आकार द्यायला गुंडाळलेली वायर खोडात रुतलेली होती आणि साल फुगून वर आली होती, तसलं घेऊ नका, तो वळ लवकर जात नाही. आणि घ्यायचंच असलं तर पावसाळ्यात घ्या, मे मधे गाडीच्या डिक्कीतून घरी येईपर्यंतच निम्मी पानं भाजतात.