कार्तिकातील एक रोपवाटिका : नागपूर

दिवाळीनंतर बागेत पाहण्यासारखे काही उरत नाही, हा समज घेऊनच मी सेमिनरी हिल्सजवळील एका लहान रोपवाटिकेत गेलो होतो. शेवंती अर्थातच होती. दिवस लहान होऊ लागले की तिला कळ्या धरतात, आणि 60 रुपयांत मिळालेले रोप अजून उत्तम आहे. परंतु खरे मोल कोपऱ्यांत होते. बुचाच्या झाडाखाली रात्री उमललेली लांब नळीची पांढरी फुले पहाटे गळून पडली होती आणि माळ्याने ती मुद्दाम झाडलेली नव्हती. तेरड्याच्या पिकलेल्या बोंडाला बोट लावताच त्याच्या सालीचे तुकडे गुंडाळले जाऊन बी दूर उडाले. माझ्यासारख्या साठी उलटलेल्या माणसाने हा खेळ चार वेळा केला, हे कबूल करतो. करवंदीच्या कुंपणात एक कोळीण जाळ्यातील नागमोडी पांढऱ्या पट्टीवर, पाय जोडीजोडीने पसरून, उलटी बसली होती. रोपांवर नावांच्या पाट्या नाहीत आणि गुलाबाच्या कुंडीतील माती फार चिकट निघाली, त्यामुळे ती घरी बदलावी लागली. सकाळी आठच्या आत जावे. नंतर फुले तुडवली जातात.