केडंप की नेटकन्सोल?

ड्रायव्हरचं मॉड्यूल आरएमएमॉड कमांडने काढलं आणि थोड्या वेळात लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, कोसळला, तर पहिला संशय ड्रायव्हरने रद्द न केलेल्या टायमरवर घ्यावा. मॉड्यूलची मेमरी गेलेली असते, टायमर मात्र त्याच जुन्या पत्त्यावर उडी मारतो. हे पकडायचं कशाने: कोसळल्यावर मेमरीची प्रत काढणाऱ्या केडंपने, की कर्नलचे मेसेज नेटवर्कवरून पाठवणाऱ्या नेटकन्सोलने?

नेटकन्सोल चटकन सुरू करता येतं. टेस्ट मशीन अंधेरीच्या ऑफिसात, तुम्ही डोंबिवलीला घरी. कर्नलचे मेसेज यूडीपी या नेटवर्क प्रोटोकॉलवरून ऑफिसातल्याच दुसऱ्या मशीनवर जमा होतात, ते घरून वाचायचे. ऊप्सच्या, म्हणजे बिघाड झाल्यावर कर्नल छापतो त्या संदेशाच्या, मजकुरात ‘लास्ट अनलोडेड’ (शेवटी काढलेलं मॉड्यूल) यापुढे ड्रायव्हरचं नाव दिसलं की धागा हाती लागला. पण नेटवर्क कार्डाचाच ड्रायव्हर काढत असाल, तर नेटकन्सोल ऐन वेळी मुकं होतं.

केडंपला तयारी लागते. क्रॅशकर्नल या बूट पॅरामीटरने रॅम राखून ठेवा, पॅनिक-ऑन-ऊप्स 1 करा (म्हणजे ऊप्स झाला की कर्नल पॅनिक होऊन थांबतो), डीबग सिम्बॉल (पत्त्यांवरून फंक्शनची नावं कळवणारी माहिती) जपून ठेवा. पॅनिक झाला की राखीव जागेतला दुसरा कर्नल उठतो आणि पहिल्याची मेमरी व्हीएमकोर फाइलीत उतरवतो. मग क्रॅश टूलमध्ये बीटी कमांड मारून स्टॅक, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं ते, बघा, स्ट्रक्ट कमांडने टायमरची रचना उघडून त्यातले आकडे तपासा. एवढं नुसत्या लॉगमधून मिळत नाही. म्हणून माझं मत केडंपलाच. नेटकन्सोल सोबतीला चालू राहू द्या. डंप लिहिणंच फसलं तर तेवढाच मजकूर हाती राहतो.