मेटलंड आधी की मुलिगन?

बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झाली, दोन-तीन वर्षं ओपीडी केली, आणि मॅन्युअल थेरपीच्या, म्हणजे हातांनी सांधे हलवून उपचार करण्याच्या, एकाच कोर्सपुरते पैसे व सुट्ट्या हाताशी आहेत, तर कोणता करावा? मी दोन्ही केले. आधी मेटलंड, मग मुलिगन.

ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांच्या पद्धतीने डोकं तयार होतं. सांधा किती चिडलेला आहे ते ओळखा. सांध्याला हाताने द्यायच्या झोक्यांना ग्रेड असतात: दुखण्याला सौम्य पहिली-दुसरी, आखडण्याला खोलवरची तिसरी-चौथी. दर वेळी पुन्हा तपासा. ही सवय माझी अजून सुटलेली नाही. ज्याची मान तसूभरही हलत नाही, त्याला हळुवार झोकेच सोसतात. तिथे मुलिगनची बहुतेक तंत्रं चालत नाहीत, कारण त्यांना पेशंटची स्वतःची हालचाल लागते.

माझं घोडं अडलं ते अंगठ्यापाशी. दिवसाला बारा-पंधरा कमरा अंगठ्याने दाबायच्या. वर्षभरात उजव्या अंगठ्याचं मूळ ठणकायला लागलं. गाडीची किल्ली फिरवताना कळ, डब्याचं झाकण तर बायकोकडे. तळहाताची कड वापरा म्हणतात, पण मला त्यात मणक्याचा अंदाजच लागेना. एकदा काटोलकडच्या एका काकांनी टेबलावर पालथं पडल्या पडल्या विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुमचंच दुखून राहिलं का जी?"

न्यूझीलंडच्या ब्रायन मुलिगन यांच्या पद्धतीत ग्लाइड, म्हणजे सांध्याला दिलेली सरक, आपण धरून ठेवायची आणि हालचाल पेशंटने करायची, तीही न दुखता. दुखलं तर दिशा बदला, तरी दुखलं तर सोडून द्या. घोट्याला, गुडघ्याला बेल्ट लावला की ओढ आपल्या अंगाच्या वजनाने मिळते. कमरेला हाताची कडच चालते, कारण अंदाज बोटांना नाही, समोरच्याच्या वाकण्याला विचारायचा असतो. मानेच्या स्नॅग्जना (मणक्याची ग्लाइड धरून पेशंटने मान हलवायची) अंगठा लागतो, पण थोडाच वेळ.

कटकट इथेही आहे. मे महिन्यात कूलरच्या ओल्या हवेत घामाने हात सरकतो आणि ग्लाइड निसटते. मी मधे पातळ स्पंजचा तुकडा ठेवतो.

मान वळवायचा घरचा व्यायाम टॉवेलच्या काठाने शिकवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपट्टा गळ्यातच असतो, त्यामुळे पेशंट तो खरंच करतो.

तुमचा अंगठा दणकट असेल तर मेटलंडपासून सुरुवात करायला हरकत नाही. तपासणी पक्की होईल. माझ्यासारखा मागे वाकणारा असेल, तर मी आधी बेल्टवाला मुलिगनचा कोर्स घेईन आणि मेटलंडची तपासणी सिनियरच्या शेजारी उभं राहून शिकेन.